रस्त्याच्या मध्यापासून

उंची मोजायची ती रस्त्याच्या मध्यापासून,
भिंतीच्या पायथ्यापासून नाही.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिर्केसाहेबांनी
हे मला दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा पान थुंकून आल्यावर.
भरीव बांधकाम दीड मीटर. त्यावर जायचं
तर जाळी, हवा आरपार जाईल अशी.
कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर आणखी खाली:
वळणाऱ्या गाडीला समोरचं पोर दिसायला हवं.

एवढा एक नियम मला मनापासून आवडला.

चेंबूरला, शाळेमागच्या गल्लीतली
धुरंधर बाईंची तक्रार टेबलावर आली
तेव्हा माझे केस काळे होते.
दोन बंगल्यांमध्ये आधी मेंदीचं कुंपण, कंबरेएवढं.
शेजारच्या कुरियननी ते उपटून
वीटकाम केलं होतं, दोन्ही बाजूंनी गिलावा.
मुकादम पाटकरने पाण्याची नळी धरली,
रस्त्याची पातळी भिंतीवर आणली,
मी खडूने खूण केली आणि तिथून वर टेप लावला.
एक मीटर ऐंशी.
तीस सेंटिमीटरचा गुन्हा.

बाई म्हणाल्या, अर्धांग झाल्यापासून हे बसूनच असतात.
सकाळी पेपर वाचता वाचता कुरियन हात वर करायचे,
हे डावा हात वर करायचे.
दिवसाचं बोलणं तेवढंच.
मी लिहून घेतलं: जादा उंची, ०.३० मी.
बाकीच्याला रकाना नव्हता.
भिंत का बांधली, यालाही नव्हता;
मी कुरियनना विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही. चहा मात्र दिला.

त्या रात्री घरी लाकडी खुर्चीत ताठ बसलो
आणि बायकोला म्हटलं, जमिनीपासून माझा डोळा मोज.
एक पंधरा, ती म्हणाली, आणि वेड लागलंय तुला.
म्हणजे वरचे तीस पाडले असते
तरी धुरंधरांना समोर विटाच दिसल्या असत्या,
नियमात बसणाऱ्या.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

नोटीस गेली. उत्तर आलं. स्थगिती आली.
फाइलीची दोरी दोनदा बदलली.
दरम्यान दर दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात
गल्लीत डांबराची गाडी येई,
जुनं न खरवडता नवं पसरून जाई.
फाटकं आधी अडकू लागली, मग खालून कापून घ्यावी लागली.
अंगणं होती तिथंच राहिली.

गेल्या मार्चमध्ये कोर्टाला ताजा अहवाल हवा होता.
निवृत्तीला माझे चार महिने.
पाटकर नाहीत आता; बरोबर एक नवा मुलगा,
त्याच्या हातात लेझर. लाल ठिपका
भिंतीवर चढला, थांबला.
एक एकोणपन्नास, सर, तो म्हणाला. ओके आहे की!
मी पुन्हा मोजायला लावलं.
माझी जुनी खूण शोधली;
ती असायला हवी ती जागा डांबराखाली होती.
एक वीट हलली नव्हती,
आणि भिंत कायद्यात आली होती.

"बांधकाम नियमानुसार आढळले."
सही करताना पेन चाललं नाही, मुलाचं घेतलं.

धुरंधर बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या.
भिंत त्यांच्या डोक्यावरून दोन वीत वर,
तेव्हा होती तशीच.
व्हरांड्यातल्या खुर्चीत चिमट्यांची परडी.
काय निघालं, त्यांनी विचारलं,
आणि मी सांगेपर्यंत
पुढचा टॉवेल झटकायला घेतला.

बाहेर आलो. रस्त्याच्या मध्यावर उभं राहिलं
की आता दोन्ही व्हरांडे दिसतात.
इकडे परडी. तिकडे कुरियन,
गुडघ्यांवर पेपर, खूप वाळलेले.
त्यांनी हात वर केला.
ऊन डोळ्यांवर आलं असेल.
मी कुठला हात उचलावा हे ठरवेपर्यंत
मागून रिक्षाने हॉर्न दिला
आणि मी बाजूला झालो.